कुंडलच्या पुढे गाडी तापली तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात माझं नामस्मरण जवळजवळ बंद पडलं होतं. यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, आणि खंडोबापुढे दिवा लावताना माझ्या मनात भक्तीपेक्षा तक्रारच जास्त असायची. सैन्यात डोंगरातून ट्रक चालवलेला हा माणूस आता उंबऱ्यापर्यंत जायलाही भिंत धरायचा. आजारपणाच्या सुरुवातीला त्यांनीच शेजारी बसून मला गाडी शिकवली होती. मुलगी परगावी, त्यामुळे सांगलीच्या दवाखान्यात त्यांना मीच नेत असे.

त्या दिवशी सकाळपासून त्यांना धाप लागत होती. वेळेआधीच त्यांना मागच्या सीटवर उशी देऊन बसवलं आणि निघाले. कुंडल गाव मागे पडलं, तसा एसीतून गरम वारा येऊ लागला. मग कसलासा गोडसर, उग्र वास आला. समोर पाहिलं तर तापमानाचा काटा लाल रेघेवर. "देवा, सांगलीपर्यंत तेवढी चालू दे," असं म्हणतेय तोच बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली. गाडी कडेला घेऊन बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. राग देवावरच होता. एवढं घेतलंस, आता गाडीही?

खाली उतरून बॉनेट उघडलं. पाणी घालावं एवढंच सुचलं. पदर हातावर गुंडाळून रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, हात काढा. आत पानी उकळतंय. टोपण उघडलं की तोंडावर येईल."

मागे एक व्हॅन थांबली होती. गाद्या तयार करून विकणारे रशीदभाई आणि त्यांची बायको अमीनाभाभी मिरजेकडे निघाले होते. रशीदभाई इंजिनात वाकले आणि अमीनाभाभींनी सहज मागच्या काचेतून पाहिलं.

"आवं ताई, हे तर खाली घसरलेत."

मी धावले. यजमान उशीवरून घसरून सीटवर आडवे झाले होते. ओठ निळसर पडलेले, आवाज काढण्याचंही त्राण नव्हतं. आणि मी रस्त्यावर नजर ठेवून गाडी हाकत होते; मला काहीच कळलं नव्हतं. दोघींनी मिळून त्यांना उचललं. "आडवं ठेवू नका, टेकून बसवा," भाभी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यास्नी असंच व्हायचं."

"ही गाडी गार झाल्याबिगर हलायची न्हाई," रशीदभाई म्हणाले. "तुमी आमच्या गाडीतनं जावा. आमची ही चालवतीया. मी थांबतो हितं."

अनोळखी माणसाच्या हातात मी गाडीची चावी दिली. विचार करायला सवडच नव्हती. व्हॅनमध्ये यजमानांची पाठ माझ्या छातीशी धरून बसले. वेग, वळणं, ब्रेक, कशावरच माझा ताबा नव्हता. करायचं एकच होतं, त्यांना सरळ धरून ठेवणं. कुठेतरी वाटेत ओठांवर देवाचं नाव आलं. मी ते आठवलं नव्हतं, ते आपसूक आलं.

दवाखान्यात कळलं, फुप्फुसात पाणी भरलं होतं. "बसवून आणलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले आणि लगेच डायलिसिसचं मशीन लावलं. अमीनाभाभी माझ्याजवळच बसून राहिल्या. त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी मला खायला लावली.

ऊन उतरताना रशीदभाई माझी गाडी घेऊन आले. रेडिएटरचा रबरी पाइप क्लिपेपाशी फाटला होता आणि पाणी गळून गेलं होतं. इंजिन थंड झाल्यावर त्यांनी फाटकं टोक कापून पाइप पुन्हा बसवला आणि शेजारच्या मळ्यातून पाणी आणून भरलं. "पाइप बदलून घ्या. अन् पानी बघायचं ते गार इंजिनावरच," असं बजावून त्यांनी चावी दिली. मी हात जोडले, तसे ते संकोचले. "आमी काय केलं, ताई? तुमी वाटंत होता म्हणून थांबलो."

आज यजमान अंगणात खुर्ची टाकून बसतात. डायलिसिस चालूच आहे; आजार काही गेला नाही. पण मला अजून वाटतं, देवाने माझी प्रार्थना ऐकली असती आणि गाडी चालू राहिली असती, तर मी मागे वळून पाहिलं असतं ते थेट दवाखान्याच्या दारात. मी चालव म्हणत होते आणि त्याने थांबवलं.

त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर बसले. मागायला काही सुचेना. नुसती बसून राहिले, आणि बऱ्याच महिन्यांनी ते बसणं मला पुरलं.