अण्णांच्या बंदुकीचा दस्ता

माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीने उभ्या जन्मात एक ससा मारला नाही, पण एका रविवारी तिने चार माणसं जायबंदी केली. गोळी न घालता! त्या चारांतला एक मी.

सासरे, म्हणजे अण्णा, कल्याणला पारनाक्याजवळ राहायचे. ही दुनळी त्यांच्या वडिलांची, परवान्यासकट त्यांच्याकडे आलेली. काडतूस मात्र घरात एकही नाही. (सासूबाई, म्हणजे माई, यांनी लग्न ठरतानाच तशी अट घातली होती म्हणे.) बंदुकीला वर्षात कामं दोनच. दसऱ्याला पूजा करून घ्यायची, आणि आल्यागेल्या पाहुण्याच्या खांद्याला लागायचं. अण्णांकडे आलात आणि बंदूक गालाला टेकवून नेम धरला नाहीत, तर त्यांना तुम्ही आल्यासारखं वाटायचंच नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. त्या दसऱ्याला अण्णांनी बंदुकीला चक्क पंचामृताने न्हाऊ घातलं! वर हळदकुंकू, वर झेंडूचा ओला हार. तो हार उतरला दिवाळीच्या तोंडावर. नळ्यांवर गंज आणि लाकडी दस्त्यावर बुरशी. आणि येत्या रविवारी माझ्या मेहुणीला, कुमुदला, बघायला डोंबिवलीचे लोक येणार होते! मुलगा कुमुदने एका लग्नात पाहिलेला. त्याचं नाव काढलं की तव्यावरची पोळी करपलीच म्हणून समजा.

"पाहुण्यांना ही असली बंदूक दाखवू?" अण्णा कळवळले. मग त्यांची नजर दिवाळीसाठी येऊन राहिलेल्या माझ्यावर पडली. "अरे, जावईबापू आहेत ना! रंगाच्या कारखान्यात आहेत ते. त्यांना यातलं सगळं कळतं."

मी ठाण्याला रंगाच्या कारखान्यात होतो हे खरं. हजेरीपुस्तक सांभाळायला! पण सासऱ्याने चारचौघांत छाती फुगवून ओळख करून दिल्यावर कुठला जावई खरं बोलेल? मी भुवई उंचावून दस्त्यावर टिचकी मारली आणि म्हणालो, "हं."

नळ्यांचा गंज रॉकेल आणि काचकागदाने निघाला. दस्त्याला काय लावायचं, यावर मात्र घरात परिषद भरली.

"व्हार्निश लावू," मी.

"त्या आरामखुर्चीला लावलं होतंत, तिला अण्णांचं धोतर अजून चिकटतं," माझी बायको शरयू.

"मग लाखेचं पॉलिश."

"ओला हात लागला की पांढरे डाग. या घरात ओला हात न लागलेली एक वस्तू दाखवा!"

"अळशीचं तेल?"

"ते महिनाभर चोळावं लागतं. पाहुणे रविवारी येतायत, अहो!"

"खोबरेल लावा," माई आतून म्हणाल्या. माईंचा सगळ्यावर एकच इलाज, खोबरेल. मी मोठ्या मनाने हसलो. (ते हसू मला फार महागात पडलं.)

शेवटी मी कोपऱ्यावरच्या बाबू मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, "बिब्ब्याचं तेल घ्या साहेब. काळंभोर होतं, वाळवी फिरकत नाही. पण हाताला खोबरेल चोपडून लावा, आणि पुढचा पावसाळा जाईस्तोवर कुणाला शिवू देऊ नका. अंगावर उततं ते, सूज येते!"

यातलं पहिलं वाक्य मी फार लक्ष देऊन ऐकलं.

गुरुवारी काठीला फडकं बांधून दोन हात दिले. शनिवारपर्यंत दस्ता असा चमकायला लागला की अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट लावून पाहावं असं मला वाटलं, पण का कोण जाणे, लावलं नाही.

रविवारी मुलगा आला, माधव. बरोबर त्याचे काका. पोहे झाले, कुमुदने मान खाली घालून तीन प्रश्नांची उत्तरं दिली, आणि अण्णांनी बंदूक काढली. आधी स्वतः गाल टेकवला. मग काकांनी. मग माधवने, कुमुदकडे चोरून बघत, जरा जास्तच वेळ!

"वा! पॉलिश कुठलं हो?" काकांनी विचारलं.

"आमच्या कारखान्याचं," मी म्हणालो. "बाजारात यायचंय अजून."

"आता जावईबापू, तुम्ही!" अण्णांनी बंदूक माझ्या हातात कोंबली. नाही म्हणावं तर बिंग फुटतं. मी डोळे मिटले आणि गाल टेकवला.

काका "बुधवारी कळवतो" म्हणाले आणि गेले.

मंगळवारी सकाळी अण्णांचा उजवा गाल पुरीसारखा टम्म! आरशात पाहतो तर माझा त्याहून मोठा. शरयूने दोन्ही गाल पाहिले, मग बंदुकीकडे पाहिलं.

"काय लावलंत?"

मी सांगितलं. लग्नात लोक बिब्बा घालतात तो तोंडाने, मी तो फडक्याने घातला होता. कुमुद स्वयंपाकघरात हमसून हमसून रडत होती आणि मला पहिल्यांदाच माझी मनापासून लाज वाटली.

बुधवारी काका आले. तोंडाला मफलर! ते टेकायच्या आत मी हात जोडले.

"काका, चूक माझी! तो बिब्बा होता! कारखान्याचं पॉलिशबिलिश काही नाही, मी तिथे हजेरी लिहितो! मुलीला बोल लावू नका!"

काका एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. दुसरा उघडत नव्हता.

"म्हणजे... गालगुंड नाहीत?" ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, आमच्याकडूनच तुमच्या घरात साथ शिरली असणार. मी तर माफी मागायला आलो होतो. मुलगी पसंत आहे हो!"

म्हणजे मी दोन मिनिटं तोंड मिटून बसलो असतो, तर माफी त्यांनी मागितली असती आणि कारखान्यातलं माझं ज्ञान अबाधित राहिलं असतं!

माईंनी तिथल्या तिथे चारही गालांना पुरेल एवढं खोबरेल दिलं. वर मोठ्या मनाने हसल्या. तुळशीचं लग्न लागल्यावर कुमुदचंही लागलं. माधवची अट एकच होती, रुखवतात काही ठेवा न ठेवा, मोठ्या जावयांनी हात लावलेली वस्तू नको.

आता आम्ही दोघे साडू म्हातारे झालो. माणूस प्रेमळ, दर दिवाळीला आवर्जून घरी येतो. पण मी हात पुढे केला की अजूनही तो दोन पावलं मागे सरतो आणि लांबूनच नमस्कार करतो.