चौथा फटका

नवल पाटलाचा उजवा हात देवपुरात अजून लोकांच्या लक्षात आहे. त्या हाताने त्याने एरंडोलच्या बाजारात एकाचा जबडा मोडला होता. त्याच हाताने सात वर्षांपूर्वी बायकोला, नूतनला, पट्ट्याने मारलं होतं. दहा वर्षांची भाविका दारात उभी राहून बघत होती. नूतन तिला घेऊन चोपड्याला माहेरी गेली ती परत आली नाही.

तेव्हापासून नवल जळालेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेने भरून देतो, एकटा जेवतो, आणि कुणी अंगावर आलं तर हात खिशात घालतो.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. बारावीतल्या भाविकाने फोनवर सांगितलं होतं की तीन दिवस येते, मग ठरवते. पुढच्या वर्षी कॉलेज देवपूरचं. राहायचं पप्पांकडे की हॉस्टेलला, एवढंच ठरायचं होतं.

मित्रांनी हे तीन दिवस परीक्षेसारखे घेतले. एरंडोलजवळ हितेंद्रचं शेत होतं, तिथेच मुक्काम आणि भरीत पार्टी ठरली. दारू नाही, पत्ते नाहीत, जुन्या गोष्टी नाहीत. शनिवारी सगळे पद्मालयाला जाऊन आले. टायरवाल्या तौसिफने एका रागीट गिऱ्हाइकाची नक्कल केली आणि भाविका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवलने ते हसू चोरून पाहिलं.

रविवारी दुपारी कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली. सालं काढून गर बडगीत, लाकडी कुंड्यात, टाकला आणि नवल दांड्याने तो ठेचायला बसला.

"वांगाना जीव लेस का भो?" हितेंद्र म्हणाला. भाविकाही हसली.

एवढ्यात बांधावरून एक जीप थेट केळीत घुसली. चौघे उतरले, प्यालेले. रिकाम्या बाटल्या विहिरीत फेकू लागले. तौसिफ समजावायला गेला, हे पाणी पितात लोक, एवढंच म्हणाला. एकाने जीपमधून लोखंडी पाना काढून त्याच्या खांद्यावर घातला. तौसिफ आडवा झाला तसे दोघे लाथांनी त्याच्या बरगड्या तुडवू लागले. हितेंद्र धावला, तर त्याचं तोंड फुटलं. रक्त थुंकत त्याने हाक मारली, "नवल!"

दोन दिवस ज्या हाताला सगळ्यांनी जपून ठेवलं होतं, तोच हात आता सगळ्यांना हवा होता.

नवलने भाविकाकडे पाहिलं. ती म्हणाली, "पप्पा, काका मरतील." मग तो दांडा घेऊन उठला.

पहिला फटका पान्यावाल्याच्या मनगटावर बसला, हाड वाजलं. दुसरा गुडघ्यावर. तिसरा लाथा घालणाऱ्या एकाच्या पाठीत, आणि तौसिफ सुटला. बाकीचे तिघे जीपकडे पळाले. पान्यावाला चिखलात बसला होता, मोडका हात छातीशी धरून, दुसरा हात त्याला टेकवत. हात जोडायचे होते त्याला, जुळत नव्हते.

तिथे संपलं होतं. नवललाही ते कळलं होतं. पण सात वर्षं खिशात कोंडलेलं काहीतरी दंडातून गोड गोड वर चढलं आणि त्याने चौथा फटका त्या तोंडावर घातला. दात उडाले. त्याला बरं वाटलं.

साथीदारांनी पान्यावाल्याला जीपमध्ये कोंबून नेलं. तौसिफ कण्हत उठून बसला. हितेंद्रने नवलला मिठी मारली. "तू वाघ शे रे, वाघ." त्याने पहिलं ताट नवलला वाढलं, भरिताचा मोठा गोळा, वर तेल. तौसिफही बरगड्या धरून हसत होता. नवलने घास तोंडात घातला आणि मग भाविका दिसली. ती बॅगेची चेन लावत होती.

"तीन ठीक होते पप्पा," ती म्हणाली. "तो बसला होता. हात जोडत होता. मम्मी पण जोडत होती."

तिने बॅग खांद्याला लावली. चोपड्याची बस एरंडोलहून मिळेल का, हे तिने हितेंद्रला विचारलं. हितेंद्र नवलकडे बघू लागला, थांबव तिला.

नवल ताटावरून उठला. ती बांधावरून भराभर चालत होती, हाकेला वळत नव्हती. आठ-दहा पावलांत त्याने तिला गाठलं असतं. पण थांबवायचं तर तिचा दंड धरावा लागला असता. तो तिथेच उभा राहिला.