तांब्याला आलेलं टेंगूळ

भूत, करणी, बाहेरची बाधा... असलं कुणी काढलं की मी त्याची सालटी काढायचो. शिरूर अनंतपाळला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मोजता येईल तेवढंच खरं, हा माझा खाक्या. आणि माझा हात लवकर उठायचा, हेही सांगून टाकतो. ते लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

बायकोला, महानंदाला, पाचवा महिना होता. थायरॉइड कमी. भर एप्रिलात चादर पांघरून बसायची, दिवसभर पेंगायची. मला वाटायचं, सोंग आहे. त्यावरून दोनदा मारलंही होतं तिला. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी उठल्या उठल्या, अनशेपोटी घ्यायची गोळी दिली होती. पण आमच्या घरी लिंगपूजेआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा आईचा नियम. मग गोळी पूजेनंतर, चहाबरोबर जायची... म्हणजे न घेतल्यातच जमा.

त्या महिन्याच्या तपासणीला सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकवले. धप्... धप्... चालून दमल्यासारखे. डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या. सुरुवातीला बाळ आईच्याच थायरॉइडवर वाढतं, तिचंच कमी पडलं तर त्याच्या हृदयाला सोसत नाही, गोळी अशीच चालली तर मी कसलीच खात्री देणार नाही, असं तोंडावर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदानं पूजेआधीच, देवघरातल्या तांब्यातलं पाणी घेऊन गोळी गिळली. आईनं पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. मी धावत आलो.

"औषधाला कसला आलाय नियम, आई," महानंदा हळूच म्हणाली. "माझं लेकरू दमून राहिलंय."

सासूला उलटून बोलते? माझं डोकं फिरलं. गोळ्यांची बाटली हिसकावून मोरीत आपटली. तिला दंडाला धरून भिंतीवर लोटलं. ती खाली बसली, दोन्ही हात पोटावर धरून. मी पुन्हा हात उगारला...

आणि तांब्या खाडकन माझ्या कपाळावर बसला.

तांब्या माझ्यापासून सहा फुटांवर, चौरंगावर होता. आई दारात होती, महानंदाचे हात पोटावरच होते. कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळलं, दिसेनासं झालं. नुसता आवाज येत होता. ठण्... ठण्... भांडं पडलं की थांबता थांबता भरभर वाजतं, कुणालाही विचारा. हे एकाच संथ चालीत वाजत होतं. काल ऐकलेल्या बाळाच्या ठोक्यांचीच चाल! मग दोन ठोक्यांतलं अंतर वाढायला लागलं... मी मोरीत गुडघ्यांवर बसून चाचपडत गोळ्या वेचायला लागलो. आवाज कधी थांबला, आठवत नाही.

सात टाके पडले. तांब्याला टेंगूळ आलं होतं, बाहेरच्या बाजूला. लातूरजवळच्या मुरुडच्या कासारानं तो बराच वेळ फिरवून पाहिला.

"हे आतून ठोकलंय की ओ मालक. एवढ्या बारक्या गळ्यातून हातोडी घातली कशी?"

पुढं ठोके सुधारले. त्याला कारण आहे, गोळी वेळेवर जाऊ लागली. तांब्याला कारण नाही. मी सगळे हिशेब लावून पाहिले, बसत नाहीत. आई ते टेंगूळ ठोकून काढू देत नाही. रोज पहाटे त्याच तांब्यातलं पाणी ती स्वतः सुनेला गोळीबरोबर देते. माझा हात पुन्हा उठला नाही. आधी उठला त्याची लाज मात्र जात नाही.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. मांडीवर आली की आधी कपाळावरचा व्रण चाचपते.

"अप्पा, कोनी माल्लं?"

मी तिचा इवलासा हात व्रणावर तसाच धरून ठेवतो.