गोगलगायीची वाइन आणि माझं बी.कॉम.

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी बी.कॉम. झाले. तीन वाजून नऊ मिनिटांपर्यंत मी सातवी पास होते. वेळ इतकी पक्की आठवते, कारण आदल्या दिवशी माझ्या मुलीला, स्वराला, लस टोचली होती आणि मी दर तासाला तिचा ताप बघत होते. थर्मामीटर माझ्या पर्समध्येच असतो. वाइन प्यायला जातानासुद्धा.

हो, वाइन. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आम्ही चौघी महिन्यातून एका शनिवारी मंजिरीताईंकडे जमतो. गेल्या दीड वर्षातले किस्से घरात काचेच्या रिकाम्या बरण्या साठतात तसे साठलेत. टाकवत नाहीत, आणि कुणी आलं की कपाटामागे सरकवावे लागतात. बाकीच्या तिघी ते पार्टीत हसत हसत सांगतात. पण त्यांना अर्धेच माहीत आहेत. उरलेले अर्धे माझ्याकडे आहेत, ते आज लिहिते.

मंजिरीताई पुण्याच्या, इथे येऊन वीस वर्षं झाली. एकदा फ्रान्सला फिरायला गेल्या आणि दक्षिणेकडच्या एका खेड्यात द्राक्षाचा छोटासा मळा बघून आल्या. ओडील नावाच्या एक बाई तो मळा बघतात. विकतचं खत नाही, विकतचं औषध नाही, सगळी कामं चंद्र बघून. त्याला बायोडायनॅमिक म्हणतात. बाटलीवर हाताने काढलेली गोगलगाय. मंजिरीताई इथल्या दुकानदाराच्या मागे लागून ती वाइन मागवतात आणि आम्हाला चाखायला शिकवतात.

पहिल्या शनिवारी ओळखी चालल्या होत्या. मुंबईची वैदेही इंजिनिअर. नागपूरची रश्मी एम.सी.ए. मग वैदेहीने सहज माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तू काय केलंस गं?"

माझा नवरा समीर आणि मी दिंडोरीकडच्या एकाच गावचे, एकाच शाळेतले. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे तो तालुक्याला गेला आणि मी वडिलांच्या द्राक्षबागेत. एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "बी.कॉम. नाशिकहून."

"अरे वा," मंजिरीताई म्हणाल्या, आणि माझ्या ग्लासात इतरांपेक्षा थोडी जास्त ओतली.

*

त्याच दिवशीची गोष्ट. मला वाटलं, पहिल्यांदा आलोय, नुसतं बसून कसं राहायचं? आपल्याकडे पाहुणी बाई उठून चार भांडी विसळते. मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर काचेच्या मोठ्या बुडाच्या सुरईत वाइन उघडीच पडली होती. झाकण नाही, काही नाही. मला वाटलं, ग्लासांतली उरलेली उष्टी एकत्र केलीय. ती मी सिंकमध्ये ओतली, सुरई साबणाने घासली आणि पालथी घातली.

ती त्या दिवसाची सगळ्यात चांगली बाटली होती. हवा लागून चव खुलावी म्हणून तासभर आधी ओतून ठेवलेली.

मंजिरीताई रागावल्या नाहीत. पालथ्या सुरईकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, ती श्वास घेत होती."

मी स्वराच्या नाकाखाली दिवसातून दहा वेळा बोट धरणारी बाई. त्या वाक्याने मला जे झालं ते अजून जात नाही.

हा किस्सा तिघींना माहीत आहे. वैदेही तो फार छान सांगते.

*

आमचे शनिवार कोणते, हेही चंद्रच ठरवतो. मंजिरीताईंकडे एक कॅलेंडर आहे, त्यात फळाचा दिवस, फुलाचा दिवस, पानाचा दिवस, मुळाचा दिवस असं लिहिलेलं असतं. फळाच्या दिवशी वाइन गोड लागते, मुळाच्या दिवशी तोंड मिटून बसते म्हणे. रश्मी एकदा भिंतीवरच्या आपल्या कॅलेंडरशी ताडून म्हणाली, "मंजिरीताई, तुमचा फळाचा दिवस म्हणजे आमची एकादशी आहे. फळाचंच आहे म्हणून चालवून घेऊ काय?" आणि तिने चालवून घेतलं.

सासूबाईंना मी सांगितलं होतं की आमचं हळदीकुंकू असतं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी दोन-तीन महिने ऐकून घेतलं. मग एकदा कॅलेंडर बघतच म्हणाल्या, "आज अमावास्या आहे. कोण ही बाई अमावास्येला हळदीकुंकू करणारी?"

मी म्हटलं, पुण्याची आहे.

"मग असेल," त्या म्हणाल्या.

*

एकदा उरलेली बाटली मंजिरीताईंनी मला घरी दिली, समीरसाठी. बाटली टेबलावर ठेवून मी फोन घ्यायला वळले, तेवढ्यात स्वराने खाली पडलेलं बूच उचलून चोखायला घेतलं. ओठ जांभळे! मी ओरडून बूच काढलं आणि विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई शांत होती. तिने विचारलं, बाळ कसं आहे, किती प्यायलं, वाइन कोणती. नाव फ्रेंच. मी एकेक अक्षर वाचत गेले, काही अक्षरांवर टोप्या होत्या, त्या कशा सांगायच्या ते कळेना. शेवटी म्हटलं, "वन स्नेल. पिक्चर ऑफ स्नेल."

मग ती म्हणाली, "मॅम, तुमच्या मुलीने गोगलगाय खाल्ली का?"

स्वराला काही झालं नाही. तिने पाणी प्यायलं आणि पुन्हा बूच मागितलं. पण मी रडत रश्मीला फोन केला होता. समीर ऑफिसात, बाहेर बर्फ, रस्ते निसरडे, तरी ती वीस मिनिटांत आली. वरणभाताचा डबा घेऊन. मला जवळ घेऊन म्हणाली, "तू शिकलेली आहेस, इतकी काय घाबरतेस?"

तेव्हा सांगायचं होतं. तोंडात घास होता, तो गिळला आणि पुढचा घेतला. या गावात मला या तिघींशिवाय कोण आहे? खोटं कळलं की त्या भांडणार नाहीत, मला माहीत आहे. नुसत्या जरा कमी बोलतील. शनिवारचा मेसेज येणार नाही. त्याचीच भीती.

*

मग माझी पाळी आली. सगळ्या माझ्या अपार्टमेंटमध्ये येणार, बाटली मी उघडायची. आदल्या दिवशीच बूच काढून बघितलं, तर वाइन गढूळ. तळाला गाळ. ओडीलबाई वाइन गाळत नाहीत, तशीच ठेवतात, हे मंजिरीताईंनी कधीतरी सांगितलं असणार, पण त्या वेळी मी स्वराचा ताप बघत असणार. मला वाटलं, बाटली खराब निघाली आणि आपल्यावर येणार. मी पातेल्यावर फडकं बांधलं आणि सगळी वाइन गाळून पुन्हा बाटलीत भरली. स्वच्छ, चमकदार झाली.

फडकं चक्क्याचं होतं. आदल्या रविवारी त्यात श्रीखंड गाळलं होतं. धुतलेलं होतं, शप्पथ.

दुसऱ्या दिवशी वैदेहीने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वेट. कार्डमम!"

मंजिरीताईंनी ग्लास हुंगला. पुन्हा हुंगला. चष्मा लावला आणि वही काढून लिहिलं, वेलदोडा, शेवटी दुधाळ. इतक्या वर्षांत असं कधी लागलं नव्हतं म्हणाल्या. फ्रूट डे आहे, उगाच नाही.

मी म्हटलं, हो, मलाही लागला.

त्यांनी त्याच संध्याकाळी ओडीलबाईंना ईमेल लिहिला.

*

या मार्चमध्ये ओडीलबाई स्वतः आल्या. अमेरिकेत दोन-तीन दुकानांना भेटायचं होतं, त्यात एक दिवस त्यांनी आमच्यासाठी काढला. सत्तरीच्या असतील. उन्हाने रापलेल्या, केस आखूड, हात मोठे. खिशात मंजिरीताईंच्या ईमेलचा कागद, घडी घालून.

त्यांचं इंग्लिश तुकड्यातुकड्यांचं, माझ्यासारखंच. म्हणून त्या दीड वर्षात पहिल्यांदाच मला सगळंच्या सगळं कळत होतं.

त्यांनी फोनवर फोटो दाखवले. गाईचं शिंग घ्यायचं, त्यात शेण भरायचं, थंडीभर जमिनीत पुरायचं. वसंतात काढायचं, पाण्यात तासभर ढवळायचं आणि मळ्यात शिंपडायचं. वैदेहीच्या तोंडून हसू निसटलं. रश्मी म्हणाली, "म्हणजे आपण एवढे दिवस शेणाची वाइन पित होतो काय?" मग मंजिरीताईही हसल्या.

गावाकडे आमच्या बागेच्या कोपऱ्यात अशीच शिंगं पुरलेली असत. ओळीने. वडील शिंग धरायचे आणि शेण मी भरायचे, माझा हात बारीक होता म्हणून. वडिलांना ते एका शिबिरात कुणीतरी शिकवलं होतं. गावातली माणसं बांधावर उभी राहून हसायची आणि वडील खाली मान घालून काम करत राहायचे.

त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसले ती मी. स्वरा माझ्या तोंडाकडे बघत होती, मग तीही हसली.

ओडीलबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खाली मान घालून पुढचा फोटो दाखवला.

मग त्यांनी तो कागद उलगडला आणि वेलदोड्याचं विचारलं. तीच वाइन उघडली. घोट घेतला, थांबल्या, मान हलवली. पुन्हा घेतला. वैदेहीने शपथेवर सांगितलं की होता, स्पष्ट होता. ओडीलबाईंचा चेहरा उतरला. आपल्याला आता चव नीट कळत नाही की काय, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. नाहीतर एखाद्या पिंपात काहीतरी बिघडलंय. घरी गेल्यावर सगळी पिंपं एकेक करून हुंगणार होत्या.

मी स्वराच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

*

जायच्या आधी मंजिरीताईंनी त्यांना अंगणात नेलं. कुंपणाला द्राक्षाचा एक वेल आहे. इथल्या थंडीत टिकणारी जात. सहा वर्षांत एकही घड नाही. मंजिरीताई त्याला वाढू देतात, कापत नाहीत, त्याला दुखेल म्हणतात. पहिल्याच शनिवारी तो बघून माझे हात शिवशिवले होते. असा वेल वडिलांनी बघितला असता तर जेवले नसते. पण बी.कॉम. झालेल्या बाईला वेलातलं काय कळतं? मी दीड वर्ष त्याच्याकडे पाठ करून बसले.

जमिनीवर अजून बर्फाचे तुकडे होते. ओडीलबाईंनी कोटाच्या खिशातून सिकेटर काढलं. छाटणीची कात्री घेऊन फिरणारी बाई मी गावाबाहेर पहिल्यांदा बघितली. त्यांनी ते पुढे धरलं. कोण कापतं? शिका, म्हणाल्या.

वैदेही मागे सरकली. रश्मीने हात वर केले. मंजिरीताईंनी तोंड फिरवलं, बघवत नव्हतं.

मला कसं झालं ते कळलं नाही. मी स्वराला रश्मीकडे दिलं. स्वरा कधी कुणाकडे जात नाही, तीही गेली. सिकेटर हातात बसलं, आणि मग मला कुणी दिसेना. जुनी काडी, दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून काप. वाळलेली मुळापासून काप. आडवी गेलेली काप. एप्रिलच्या खरड छाटणीत ओळीच्या ओळी कापल्यात मी, हाताला सांगावं लागत नाही. थांबले तेव्हा पायाशी काड्यांचा ढीग होता आणि कुंपणावर चार हात वेल उरला होता.

ओडीलबाई जवळ आल्या. कापलेल्या काड्या एकेक बघितल्या. मग माझा डावा हात धरून उलटा केला. अंगठ्याशेजारच्या बोटावर घडातले जादा मणी विरळताना कात्री लागल्याची जुनी पांढरी रेघ आहे. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. मग स्वतःचा डावा हात माझ्या हाताशेजारी धरला. त्याच बोटावर, तिथेच, तशीच.

"वेअर यू लर्न?" त्यांनी विचारलं.

तिघी माझ्याकडे बघत होत्या. स्वरासुद्धा. एवढं सोपं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"इन कॉलेज," मी म्हणाले.

ओडीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. सिकेटर माझ्या हातातच राहू दिलं, माझी बोटं त्यावर मिटवली आणि थोपटली.

"आय ऑल्सो," त्या म्हणाल्या. "सेम कॉलेज."

*

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहून दिलंय. मंजिरीताई, वैदेही, रश्मी, तिघी अंक घेतात, फोटो बघतात आणि न वाचता ठेवून देतात, मला माहीत आहे. म्हणून वाचणाऱ्यांना विनंती. त्यांतली कुणी भेटली, किराण्याच्या दुकानात, गणपतीत, कुठेही, तर तिला सांगा की ही सातवी पास आहे. मला तोंडाने जमलं नाही.

आणि मंजिरीताईंना म्हणावं, ओडीलबाईंना आजच लिहा. त्यांची जीभ शाबूत आहे, पिंपं हुंगत बसू नका म्हणावं. वेलदोडा माझ्या फडक्याचा होता.