मामीचं कार्ड आणि मामाचा डबा

आमच्या मामाला सगळा शेजार खटपट्या म्हणतो, आणि शेजार काही खोटं बोलत नाही. चाळीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. दुनियेला वर-खाली नेलं आणि स्वतः राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. कोणी हसलं की म्हणतो, "घरी तरी बिघाडाची कटकट नको."

मी त्याची भाची. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर किराणा-भाजीचं दुकान आहे, तिथे मी गल्ल्यावर बसते. म्हणजे त्याच्या खटपटींचा पहिला फटका मलाच.

घरातलं खरं सरकार मामी. बँकेचं कार्ड तिचं. ते चष्म्याच्या जुन्या घरात राहायचं आणि ते घर तिच्या उशाशी. मामाच्या हाती कार्ड द्यायचं नाही हा घरचा कायदा, आणि तो उगाच झालेला नाही. एकदा हा बाबा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल आणायला गेला आणि वजनकाटा घेऊन आला. माणसांचं वजन करायचा. सेल विसरला, आणि काट्यालाही सेल लागत होता.

मग मामी बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान बसलंय, आता चालायचं, नाहीतर कायमच्या पडून राहाल. मामी ढिम्म. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. एरवी टोमॅटो दाबून दाबून आम्हाला रडवणारी बाई, पण "काय आणू?" विचारलं की "आणा काहीही" म्हणायला लागली. आणि एका सकाळी तिने चष्म्याचं घरच मामापुढे धरलं. "घ्या हे कार्ड. मला आता काय करायचंय त्याचं?"

मामा तडक खाली आला, माझ्या गल्ल्यासमोर उभा राहिला आणि चक्क रडला. पाव घ्यायला आलेली एक बाई घाबरून पाव तिथेच टाकून निघून गेली.

"कार्ड देतेय गं ती मला," तो म्हणाला. "मला! म्हणजे संपलंच की सगळं."

मला हसू आलं आणि लगेच विरलं. कारण ते खरं होतं.

कार्ड काही त्याने घेतलं नाही. आठ दिवस टेबलावर वाकून बसला, दोनदा बोट भाजून घेतलं आणि दोन डबे तयार केले. तूप ठेवावं एवढाले, आत वायरींचं जंजाळ.

"हे बघ," मला म्हणाला, "आपण कार्ड मशीनला टेकवतो तेव्हा त्या दोघांचं आपसात बोलणं होतं. पण त्यांचे कान एवढेसे. चार बोटांपलीकडचं ऐकूच येत नाही. मी फक्त त्यांच्यात फोन लावून देणार."

म्हणजे एक डबा वर घरी, दुसरा याच्या हातात. याने खाली डबा माझ्या मशीनला टेकवायचा, आणि वर मामीने आपलं कार्ड घरच्या डब्यावर ठेवायचं. प्रश्न खालून वर जाणार, उत्तर वरून खाली येणार. कार्ड मामीच्या हातातून हलायचं नाही.

"अरे मामा, मोबाइलवरून पैसे पाठवता येतात की! पलंगावर पडल्या पडल्या."

"तेच नकोय मला. पडल्या पडल्याच नकोय."

बँकेला कळलं तर काय म्हणेल, हे मी विचारलं नाही. भाचीने किती म्हणून विचारायचं?

पहिल्या दिवशी घरचा डबा पलंगाशेजारच्या स्टुलावर होता. मामाने फोन लावून स्पीकर चालू केला. "साबण घेतोय गं. ठेव कार्ड."

"कुठला साबण?"

"निळा."

"तो फेस न येणारा? नाही ठेवत, जा!"

मागे रांगेत पाच माणसं ताटकळत होती. मामाचा चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा फुलला. कितीतरी आठवड्यांनी मामी त्याच्यावर ओरडली होती.

मग डबा सरकायला लागला. आधी खिडकीशी, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग दाराजवळ चपलांच्या कपाटावर. दर वेळी मामाची एकच थाप, "तिथे सिग्नल येत नाही गं." मामी शिव्या घालत उठायची. टॉवेल दोरीवर गेला, वॉकर बाहेर आला, महिन्याभराने वॉकर जाऊन काठी आली. इकडे दुकानात स्पीकरमधून ठक, ठक ऐकू यायची आणि रांग गप्प उभी राहायची. टोपीवाले एक आजोबा तर पावलं मोजायचे. "चौदा! काल सोळा लागली होती," असं मला अभिमानाने सांगायचे, जणू यांचीच बायको.

अन् तेवढ्यात माशी शिंकली. आमच्या मालकाने मशीन बदललं. नवीन मशीन भलतंच संशयी. उत्तर यायला जरा उशीर झाला की त्याला वाटायचं, कार्ड जवळ नाही. बरोबरच वाटायचं म्हणा. मामाने डबा टेकवला, लाल दिवा. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल.

"गेले का हो पैसे?" वरून मामी.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"गेले गं, गेले!" तो ओरडला, आणि खिशातून स्वतःच्या चुरगळलेल्या नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या.

असं तीन आठवडे चाललं. रोज वर मामी ठकठक करत दारापर्यंत यायची, कार्ड ठेवायची, आणि खाली आम्ही सगळे सराईत खोटारडे. टोपीवाले आजोबासुद्धा.

मग एका दुपारी मामाने फोन लावला तर वर कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मामाचा चेहरा पांढराफटक. "पडली," तो पुटपुटला. "माझ्यामुळे पडली. मीच डबा सरकवला." टोपली टाकून तो दाराकडे धावला.

दारातून आधी काठी आत आली. मग मामी. घरातला गाऊन, उलटी पांघरलेली शाल, घामाने चिकटलेले केस.

मामा जागच्या जागी थबकला. "तू... जिना उतरलीस?"

"मग काय, तुमच्या त्या डब्यातून येऊ?"

आजोबांनी पटकन स्टूल पुढे केलं. मामी बसली नाही. "पैसे गेले की माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो," ती धापा टाकत म्हणाली. "तीन आठवडे एक मेसेज नाही. आणि हे आपले रोज ओरडतात, 'गेले गं, गेले!' म्हटलं, पुन्हा कुठला वजनकाटा आणलाय ते बघून तरी येऊ."

डॉक्टर सांगून थकले, फिजिओथेरपीवाली थकली. तीन जिने उतरवले ते नवऱ्यावरच्या संशयाने.

तिने मामाची टोपली तपासली, दोन टोमॅटो परत ठेवले आणि कार्ड स्वतःच्या हाताने मशीनला टेकवलं. हिरवा दिवा. गाऊनच्या खिशात मोबाइल वाजला. "हा मेसेज," ती मामाला म्हणाली. "असा येतो."

मग तिने दाराबाहेर जिन्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. वर जायचं कसं, याचा विचारच केला नव्हता.

मी गल्ला आजोबांच्या भरवशावर टाकला आणि पिशवी, काठी घेऊन मागून निघाले. मामीला एक हात कठड्याला हवा, दुसरा मामाच्या खांद्याला. कार्ड अजून मुठीत. तिने क्षणभर विचार केला. "धरा हे," ती म्हणाली.

मामाने ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला. पाऊण तास लागला. प्रत्येक मजल्यावर ती टेकायची आणि हा लिफ्टसारख्या आवाजात "पहिला मजला", "दुसरा मजला" म्हणायचा. ती म्हणायची, "गप्प बसा हो."

तिसऱ्या मजल्यावर मी खुर्ची ओढली, पाणी आणलं. मामी बसली नाही, पाण्याकडे बघितलंही नाही. उभ्या उभ्याच तिने मामापुढे तळहात पसरला.

"कार्ड."