मी मोटार घासली

आमच्या घरी मोटार आली तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. आमचे हे नाशकात वकिली करायचे. देवळाली कँपातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याची काळी मोटार ह्यांनी घेतली. इंजिनात काय असतं ते ह्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण तिच्या रंगावर मात्र जीव जडला. कोर्टात निघताना हे मोटारीच्या दारापुढे वाकून पगडी सारखी करायचे. घरात दोन आरसे होते तरी.

त्या उन्हाळ्यात सायखेड्याचे एक पाटील आमच्याकडे आले. बांधाच्या भांडणात ह्यांनी त्यांची बाजू लढवली होती.

"वकीलसाहेब, फुडल्या आठवड्यात पोराचं लगीन हाय," ते म्हणाले. "नवरदेव तुमच्या मोटारीत मिरवायचा म्हन्तो. घोडी नाय पायजे. लय हट्टी हाय."

"अहो, त्यात विचारायचं काय? मी स्वतः घेऊन येतो मोटार," हे म्हणाले, आणि मग कामासाठी दोन दिवस रेल्वेनं मुंबईला गेले.

मोटार अंगणात उभी होती. सासूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "लग्नाला न्यायची आणि किती कळकट दिसते बघ ती. घासून टाक. आला की खूश होईल तो."

मलाही ते पटलं. आमच्या घरची तांब्यापितळेची भांडी साऱ्या आळीत उजळ असत आणि ती मीच घासत असे. सासूबाईंनी चुलीतली राख वस्त्रगाळ करून दिली. मी नारळाची शेंडी घेतली, पदर खोचला आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत सगळी मोटार गोल गोल हात फिरवून खसाखसा घासली. चिंच लावायची नाही एवढी अक्कल मला होती. चिंचेनं रंग उतरेल, हे मी सासूबाईंना समजावूनही सांगितलं. चार घागरी पाणी ओतलं तेव्हा दिवेलागण झाली होती. अंधारात मोटार फार सुरेख दिसत होती.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आले. तोवर ऊन चांगलं वर चढलं होतं. हातातली पिशवी खाली न ठेवताच ह्यांनी हाक मारली.

"अगं, इकडे ये. हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. मोटारीच्या नाकाडावर सूर्य चमकत होता आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक रेघांची वर्तुळं होती, एकात एक, कोळ्यानं जाळं विणावं तशी. मी दोन पावलं डावीकडे सरकले. वर्तुळंही डावीकडे सरकली.

"अहो, ही चालतात!"

"काहीतरीच काय?" म्हणत हे उजवीकडे गेले आणि थांबले. "माझ्याबरोबर उजवीकडे आली की!"

"नाही, माझ्याकडेच आहेत."

सासूबाई बाहेर आल्या. त्यांना वर्तुळं मधोमध दिसली. मग आम्ही तिघं मोटारीभोवती फेऱ्या घालू लागलो आणि वर्तुळं ज्याच्या त्याच्याबरोबर चालू लागली. सासूबाई म्हणाल्या, नक्की दृष्ट लागली. त्यांनी मीठमोहऱ्या आणून मोटारीवरून ओवाळल्या. वर्तुळं होती तशीच राहिली. तेव्हा ह्यांनी कोर्टातला आवाज काढला.

"मी गेल्यापासून या मोटारीला कुणी हात लावला?"

"मी धुतली," मी म्हटलं.

"कशानं?"

"पाण्यानं."

"नुसत्या पाण्यानं?"

सासूबाई पुढे झाल्या. "राख मी चाळून दिली. काय बोलायचं ते मला बोल. तांब्याच्या हंड्याला चालते, मग हिलाच काय झालं?"

हे पायरीवर बसले आणि पगडी काढून मांडीवर ठेवली. मला रडू यायला लागलं होतं, पण ह्यांचा चेहरा इतका लहान मुलासारखा झाला होता की हसूही येत होतं.

पहिला इलाज सासूबाईंचा. त्यांनी खोबरेल लावायला सांगितलं. मी पाव शेर तेल चोळलं आणि वर्तुळं खरोखरच दिसेनाशी झाली. हे आनंदानं मोटार घेऊन कोर्टात गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा नाशिकमधल्या यच्चयावत रस्त्यांची धूळ त्या तेलावर बसली होती आणि मोटार बाजरीच्या भाकरीसारखी दिसत होती. ती धूळ आम्ही फडक्यानं खरडून काढली. सकाळी उन्हात पाहिलं तर वर्तुळं दुप्पट झाली होती.

दुसरा इलाज ह्यांचा स्वतःचा. आम्हाला न सांगता ह्यांनी मोटारीला बुटाचं काळं पालीश फासलं. कोर्टाच्या आवारात ते उन्हानं पातळ झालं. एक वयस्क वकील पांढऱ्या कोटात होते, ते गप्पा मारताना मोटारीला पाठ टेकून उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी तासभर गंभीरपणे भाषण केलं आणि त्यांच्या मागे बसलेले लोक तासभर तोंडात रुमाल कोंबून बसले. हे घरी आले ते थेट म्हणाले, "आता कुणाला तरी बोलवायला हवं. मला उद्या कोर्टात त्या पांढऱ्या कोटवाल्या गृहस्थांसमोर उभं राहायचंय."

ह्यांच्या पुस्तकांच्या कपाटांना पालीश करणारे एक म्हातारे मिस्त्री जुन्या नाशकात राहत. मुसलमान होते, पांढरी दाढी, आणि नखं कायमची लाखेच्या रंगाची. ते आले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "बाईसाहेब, मोटार घासली की कढई?"

सासूबाई आत निघून गेल्या.

"चाचा, ही वर्तुळं चालतात कशी?" मी विचारलं.

"वर्तुळं कुठे आहेत? साऱ्या अंगावर ओरखडे आहेत, हजारो, बारीक बारीक. सूर्य जिथे दिसतो तिथले तेवढे चमकतात. तुम्ही हलला की सूर्याची जागा हलते, मग दुसरे चमकतात. ते भरून निघत नसतात. भोवतालचा रंगच तेवढा खाली आणावा लागतो, अगदी पापुद्र्याएवढा."

त्यांनी आधी साबणाच्या पाण्यानं तेल आणि पालीश उतरवलं. मग पांढऱ्या खडूची पूड बादलीत ढवळली, जड कण तळाशी बसू दिले आणि वरचं दुधासारखं पाणी दुसऱ्या भांड्यात निवळत ठेवलं. त्याच्या तळाशी जो गाळ बसला तो लोण्यासारखा मऊ होता. आता फडकं हवं होतं. मी घरातली झाडून सगळी जुनी वस्त्रं आणली. मिस्त्री एकेक गालाला लावून बघत आणि बाजूला टाकत. शेवटी त्यांची नजर ह्यांच्या अंगातल्या मलमलीच्या सदऱ्यावर गेली. त्यांनी त्याची बाही गालाला लावली.

"हा चालेल."

"हा मी घातलाय," हे म्हणाले.

"हो, दिसतंय ना. काढा."

काम तीन दिवस चाललं. हे उघडे, मी पदर खोचलेली, असे आम्ही दोघं मिस्त्रींच्या हाताखाली. अंगठी त्यांनी ह्यांना काढायला लावली. माझ्या बांगड्या काढायच्या म्हणताच सासूबाई आतून ओरडल्या, म्हणून दोन्ही मनगटांवर चिंध्या गुंडाळल्या. वाटेनं जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारी, "अगं बाई, हाताला काय झालं?" तिसऱ्या दिवशी सासूबाईंना आत राहवेना. "सर गं, तुला जमत नाही," म्हणत त्यांनी मोटारीचं मागचं दार घासायला घेतलं.

"सरळ हात आजी, सरळ! आणि दाबू नका," मिस्त्री म्हणाले.

"मी काय पहिल्यांदा घासतेय का?" असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण हात मात्र सरळ ठेवला.

शेवटी मेणाचा हात दिला. मोटार अशी झाली की तिच्यात सासूबाईंच्या नथीतले मोती मोजता आले असते.

लग्नाच्या दिवशी सायखेड्याला पोचेपर्यंत ती अर्थातच धुळीनं पांढरीफटक झाली. मी कुणाला हात लावू दिला नाही. गोदागंगेवरून घागरी आणवल्या आणि नुसतं पाणी ओतून धुतली. मोटार मांडवाशेजारी झळकू लागली, गाव जमलं, पाटील मिशीवरून हात फिरवू लागले. तेवढ्यात त्यांचाच कोंबडा आला. मोटारीच्या दारात त्याला दुसरा कोंबडा दिसला. त्यानं मान फुगवली. समोरच्यानंही फुगवली. पुढच्या क्षणी तो दारावर झेपावला.

"अहो, कोंबडा! कोंबडा!" मी ओरडले. हे छत्री घेऊन धावले. कोंबडा मोटारीखालून पलीकडे गेला आणि तिथल्या दाराशी लढू लागला. हे वळसा घालून तिकडे गेले. नवरदेव मुंडावळ्या बांधून आत बसला होता, तो काचेतून "डावीकडं! डावीकडं!" असं सांगत होता. वाजंत्रीवाल्यांना वाटलं मिरवणूक सुरू झाली, त्यांनी सनई धरली.

"थांबा साहेब, मी झाकतो," म्हणत पाटलांनी खांद्यावरची घोंगडी दारावर टाकली आणि ती घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी गच्च दाबून इकडून तिकडे ओढली.

मी डोळे मिटून घेतले.

नाशकात परतल्यावर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दारावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "पुन्हा नाही. रंग पातळ झालाय. आणखी एकदा घासली तर पत्रा बाहेर येईल. आता आहे तशी सांभाळा."

मला वाटलं हे चिडतील. पण कोंबड्यामागे धावल्यापासून ह्यांचा ताठा जरा उतरला होता. "त्या बाजूनं मी चढतच नाही," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, ऊन यायच्या आत, आम्ही दोघं मिळून मोटार धूत असू. पाणी मी ओतायची, फडकं ह्यांच्याकडे. सासूबाई ओसरीवरून दोघांच्या चुका काढत बसायच्या.