करवत आत्याची खराद

आमच्या आत्यानं कधी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. कुणी नवं घर बांधलं की ती आधी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायची आणि मग घरमालकाकडे अशा नजरेनं पाहायची, की बिचारा वास्तुशांतीचं जेवण टाकून मिस्त्रीला फोन लावायचा. माझ्या लग्नात सासऱ्यांनी हौसेनं पलंग दिला होता. आत्यानं तो भर मांडवात धरून हलवला. पलंग कुरकुरला. "लेकीचं लग्न लावून राहिले का बैलगाडी विकून राहिले?" तिनं सासऱ्यांना विचारलं. सासरे अजूनही आमच्याकडे आले की खुर्चीवरच झोपतात.

घरात तिला पाठीमागे सगळे 'करवत' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. "म्हनू द्या," ती म्हणायची. "करवतीले दात त असतात. याइले पाठीचा कणाबी नाही."

लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर सांगायची, "मले पाहाले आले होते ना. पण मीबी त्याइले पाहिलं."

ती मुलींच्या शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायची. कार्यानुभव म्हणजे क्रेपची फुलं, कापसाचे ससे आणि आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी. रस्त्यापलीकडच्या मुलांच्या शाळेत याच तासाला रंधा, पटाशी आणि हातोडी मिळायची. आत्या खिडकीतून तो ठोकाठोकीचा आवाज ऐकत मुलींना फुलं वळायला शिकवायची. शाळेकडे तिनं अवजारं मागितली, तेव्हा मुख्याध्यापकांनी हसून सांगितलं होतं, "बाई, मुलींच्या हाताला लागेल." हे वाक्य ती त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. चेहरा मात्र अजिबात हसरा नसायचा. आयुष्यभर मी कचरा शिकवला, असं ती निवृत्तीच्या समारंभात माइकवर बोलली. श्रोत्यांमध्ये तेच मुख्याध्यापक बसले होते, हार घालायला.

निवृत्तीनंतर शहराबाहेर बेसाला तिनं स्वतःपुरतं घर घेतलं. खाली एक मोठी खोली होती. त्या खोलीचं काय करायचं हे आमच्या घराण्यातल्या पुरुषांनी परस्पर ठरवून टाकलं. काकाच्या मते भाडेकरू ठेवायचा. माझ्या वडिलांच्या मते भजनी मंडळाला द्यायची, म्हणजे पुण्यही आणि सोबतही. आत्यानं दोघांचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि लाकूड कातायची मशीन मागवली. खराद. लाकूड गरगर फिरतं, त्याला पटाशी टेकवायची आणि गोल वस्तू घडवायची, ती.

"या वयात?" वडील म्हणाले.

"मंग कोनत्या वयात, दादा? तवा त हाताले लागन म्हनत होते."

मशीन वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामातून टेम्पोनं आली. त्या रविवारी बिनबोलावता सगळे हजर झाले. वडील वीज खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे तारेला हात न लावता सही करणारे. काका बँकेतला. मी स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवतो, तेव्हा माझ्याबद्दल न बोललेलंच बरं. घरात यंत्र आलं की आमच्याकडच्या पुरुषांना अंगात आल्यासारखं होतं. प्रत्येकजण कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि दुसऱ्याला 'उचल' म्हणू लागला. काकानं माहितीपुस्तिका बाजूला सारली. "हे काय, सिलाई मशीनच समज," तो म्हणाला. आत्या दारात उभी राहून पाहत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "फरशी उतरती हाय. पाणी मोरीकडे जाते. मशीनबी जाईन."

"शकू, तू भाजीचं पाहा वं," वडील म्हणाले.

ती खरंच आत गेली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आम्ही मशीन घोड्यावर, म्हणजे तिच्या चौपायी लाकडी स्टँडवर चढवली. एक पाय अधांतरी राहिला, त्याखाली काकानं वर्तमानपत्राची घडी सारली. मग त्याला हौस आली. अंगणात पडलेला बाभळीचा वाकडातिकडा ओंडका त्यानं मशीनच्या दोन टोकांच्या मध्ये कसाबसा आवळला, वेगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि मशीन सुरू केली. मशीन आधी थरथरली, मग उडाली, मग चालायलाच लागली. उताराच्या दिशेनं, मोरीकडे. आमचं सगळं मर्दानी शास्त्र क्षणात अंगणात पोहोचलं. काका तुळशीवृंदावनाच्या मागे गेला. वडील ओरडत होते, "मेन बंद करा, मेन!" पण मेन कुठे आहे हे वीज खात्याला माहीत नव्हतं. आत्या पदर खोचून शांतपणे आत आली आणि तिनं भिंतीतला प्लग उपसला.

"झालं? वांग्याची भाजी झाली हाय. जेवा अन् घरी जा."

जेवताना आम्ही माना खाली घालून वांगं चिवडत होतो. आत्या मात्र आग्रह करकरून वाढत होती. तो अपमान वेगळाच होता.

पुढचे काही आठवडे तिनं मशीन एकटीनं बसवली. मी सुटीच्या दिवशी जायचो, पण मला टॉर्च धरण्यापलीकडे काही करू द्यायची नाही. मशीनच्या चारही पायांखाली तिनं कडप्प्याचे तुकडे घासून घासून बसवले. पाणसळ आडवी ठेवायची, उभी ठेवायची, बुडबुडा मध्ये येईपर्यंत तुकडे पुन्हा काढून घासायची. घोड्याच्या खालच्या फळीवर रेतीची पोती रचली, म्हणजे मशीन जड होऊन जागची हलणार नाही. मग आलं खरं काम. लाकूड ज्या दोन टोकांत धरायचं ती टोकं एकमेकांसमोर अगदी नेमकी यायला हवीत, नाहीतर फिरताना लाकूड झोकांड्या खातं. आत्या डोळा बारीक करून ती टोकं जुळवायची. केसभर फरक राहायचा. ती सैल करायची, पुन्हा आवळायची.

"इतकंसं चालत नाही का गा?" मी एकदा कंटाळून तिच्याच बोलीत विचारलं.

"चालते ना. तुह्या मायबापाचं नाही चाललं का? पण आवाज किती येते ते तू लहानपणापासून ऐकून राहिला." मग क्षणभरानं म्हणाली, "अन् बाईमाणसाले 'गा' नाही म्हनत. प्रोफेसर झाला म्हने."

टोकाला टोक भिडलं त्या दिवशी तिनं मशीन रिकामीच चालवली. फक्त एक घुमणारा आवाज. मशीनशेजारी घोड्यावर पाण्याचा पेला ठेवला होता, त्यातलं पाणी हललं नाही. आत्या बराच वेळ त्या पेल्याकडे पाहत राहिली. मी तिला शाबासकी देणार होतो, पण तिचा चेहरा पाहून नुसती टॉर्च विझवली.

नरखेडच्या आमच्या शेतात संत्र्याची जुनी झाडं वाळली होती, ती काका जळणाला काढत होता. आत्यानं ती मागितली. "बाईले सरपण पायजे," म्हणत काकानं गावभर हसू केलं आणि ओंडके पाठवून दिले. आत्यानं त्यांच्या कापलेल्या तोंडांना उरलेला ऑइलपेंट फासला, म्हणजे एकदम वाळून चिरणार नाहीत, आणि ते सावलीत रचून ठेवले. संत्र्याचं लाकूड आतून पिवळसर, गुळगुळीत निघतं. तरी त्यातला एक ओंडका फिरता फिरता फुटला आणि खिडकीची काच घेऊन बाहेर गेला. "नरखेडचं झाडबी भावासारखंच निघालं," ती म्हणाली. "वरून ठणठणीत, आतून चिरलेलं." पण त्यानंतर तोंडावर जाळीचा मुखवटा चढवल्याशिवाय ती मशीनजवळ गेली नाही.

तिच्या हातून वाट्या, लाटणी, भोवरे बाहेर पडू लागले. बहुतेक सगळं ती स्वतःच नापास करून बंबात घालायची. एक वाटी मी वाचवायला गेलो, तर म्हणाली, "ठेव खाली. भिकेचे डोहाळे."

मग वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळली. काही महिन्यांनी ते उभे राहू लागले, पण दुकानातल्या काठीच्या मुठीवर त्यांची बोटं बसत नव्हती. काठी सुटायची, ते पडायचे, आणि पडल्यावर कुणी उचलायला गेलं की शिव्या घालायचे. त्या तेवढ्या स्पष्ट यायच्या. शेवटी त्यांनी पलंगावरून उतरणंच सोडलं.

आत्या आली ती डब्यात कणकेचा गोळा घेऊन. तो त्यांच्या हातात कोंबला. "दाब."

वडिलांनी मान फिरवली.

"दाब म्हनलं ना, दादा. मले माह्या घरी दुसरेबी कामं आहेत."

त्यांनी दाबला. वाकड्या, अर्धवट मिटलेल्या मुठीचा ठसा कणकेत उमटला. तो घेऊन ती निघून गेली. त्यानंतर ती काठीची नवी मूठ कातून आणायची, त्यांच्या हातात द्यायची, चेहरा पाहायची आणि परत न्यायची. किती मुठी बंबात गेल्या कोण जाणे. शेवटची काठीवर बसवूनच आणली, ती संत्र्याच्या लाकडाची होती, मध्ये फुगीर, करंगळीकडे निमुळती. वडिलांची बोटं तिच्यावर आपोआप मिटली. ते उठले आणि दारापर्यंत गेले. आई रडायला लागली.

"रडून काय राहिली वं वहिनी?" आत्या म्हणाली. "आता हा आखं घर फिरून चुका काढन."

पुढे वडील रोज दुपारी रिक्षानं बेसाला जायचे आणि तिच्या कारखान्यात खुर्ची टाकून बसायचे. ते तुटक्या शब्दांत नावं ठेवायचे, ती अखंड वाक्यांत परतफेड करायची. भावाबहिणीत इतकं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. काविळीचं निमित्त झालं आणि दवाखान्यातून परत आली नाही. तिथेही सलाईनच्या स्टँडचं चाक डुगडुगतं म्हणून तिनं दोन वॉर्डबॉय रडवले होते.

तेरवीनंतर काकानं मशीनला गिऱ्हाईक आणलं. फर्निचरचा कारखाना असलेला तरुण होता. त्यानं मशीन चालू केली, बंद केली, दोन्ही टोकं जुळवून पाहिली, वाकून पायांखालचे कडप्प्याचे तुकडे निरखले. वडील कोपऱ्यात काठी टेकून उभे होते.

"काय बसवली आहे हो," तो म्हणाला. "माझ्याकडची एकही अशी नाही. कोणत्या कंपनीचा इंजिनियर आला होता?"

काकानं खुलासा करायला तोंड उघडलं. वडिलांनी काठी आपटून त्याला गप्प केलं. त्यांचे ओठ हलू लागले, शब्द सापडेना, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आम्ही सगळे थांबलो. तो तरुणही थांबला.

"बहीण," वडील म्हणाले. "माझी... बहीण."